मामाची उष्णता आणि अकरा फुल्या

माझा मामा काच फुंकायचा. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे फुलदाण्या वगैरे?" फुलदाण्या नाहीत. प्रयोगशाळेत लागतात ते गोल बुडाचे चंबू, लांब मानेचे चंबू, वाकड्या नळ्या. कारखाना लहानच, चौदा माणसांचा. मधोमध एक मोठी भट्टी आणि भट्टीला तीन तोंडं. पहिल्या तोंडाशी जो उभा राहील त्याच्या हाती सगळ्यात मोठा आणि अवघड माल यायचा. तिथे मामा एकोणीस वर्षं उभा होता. कारखान्यात त्याला 'निखारे' म्हणत. तो भट्टीशी काम करायचा म्हणून नव्हे, रागावला की कान लाल व्हायचे म्हणून.

दुसऱ्या तोंडाशी जो उभा असे, त्याचं नाव सगळ्यांनी 'थंडोबा' ठेवलं होतं. मामापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. मामानंच त्याला फुंकणी कशी धरायची ते शिकवलं. त्याला घाम येई तो इतरांसारखाच, पण डोकं कधी तापत नसे. चंबू हातातून निसटून फुटला तर मामा दिवसभर धुमसायचा. थंडोबा म्हणायचा, "गेला बिचारा," आणि दुसरा करायला घ्यायचा. जेवताना हिरव्या मिरच्या नुसत्या मिठाला लावून कचाकचा खायचा. वर लोणच्याचा खार चाटायचा. आणि दुपारी पाठ टेकायला दहा मिनिटं मिळाली तर घोरायला लागायचा.

मामाला हे बघवायचं नाही. त्याच्या तोंडात बारा महिने फोड. आंबट-तिखट नुसतं जिभेला लागलं तरी डोळ्यांत पाणी. पोटात जळजळ, डोळे लाल, आणि रात्री तळपाय असे पेटायचे की तो गादीवरून उतरून गार फरशीवर पाय टेकून झोपायचा. मामी सांगायची, "तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तुझ्या मामाची रोज जाते. मी फक्त वाटेत आडवी येत नाही."

एके दिवशी मोठा चंबू फुंकताना मामाच्या नाकातून रक्त आलं. फुंकणी तोंडात, दोन्ही हात गुंतलेले, आणि रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर. त्यानं फुंकणं थांबवलं नाही. थंडोबानं ओरडून त्याच्या हातातली फुंकणी काढून घेतली तेव्हा काच लोंबून जमिनीवर पडली. मामा त्याच्यावरच खेकसला, "झाला असता तो! दोन फुंका राहिल्या होत्या!"

कारखान्याच्या मालकीणबाईंनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं, नाकात दिवा घालून बघितलं. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. नाकाच्या आतली त्वचा सुकून भेगाळली होती. "काही महिने भट्टीपासून लांब राहा," एवढं त्यांनी बजावलं. फोड आणि जळजळीसाठी मामी त्याला वैद्यबाईंकडे घेऊन गेली.

चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की वैद्यबाईंची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेली कसली तरी मुळं. त्यांनी मामाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. सकाळी काय खाता? काही नाही, काळा चहा. किती? तीन-चार. जेवण? हातातलं काम संपलं की. म्हणजे किती वाजता? कधी दोन, कधी चार. पाणी? आठवलं तर. झोप? एक वाजता.

"आणि राग?" वैद्यबाईंनी विचारलं.

"राग नाही हो मला," मामा म्हणाला.

मामी खिडकीबाहेर बघायला लागली.

वैद्यबाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. "पित्त सगळ्यांच्याच अंगात असतं, त्याच्यावाचून अन्न पचत नाही. तुमचं वाढलंय. बाहेर भट्टी, आत उपाशी पोटी चहा, वर आंबट, खारट, तिखट, त्यात जागरण. चार बाजूंनी जाळ लावलाय तुम्ही. औषध मी थोडंच देणार. खरं काम पथ्यानं होईल. जेवायची वेळ चुकवायची नाही. गोड, कडू, तुरट या चवीचं जास्त खायचं. गोड म्हणजे मिठाई नव्हे. भात, दूध, तूप, दुधी, काकडी, डाळिंब. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी चावून खायच्या. धने भिजवलेलं पाणी गाळून प्यायचं. सकाळी ऊन चढायच्या आत चालून यायचं. झोपताना तळपायांना तूप चोळायचं आणि दहाला दिवा बंद. आणि मन शांत ठेवायचं. राग, चिडचिड, दुसऱ्याचं बघून जळणं, यानंही पित्तच वाढतं. हे पथ्य मिरचीपेक्षा अवघड आहे, म्हणून शेवटी सांगितलं."

मालकीणबाईंनी मामाला तीन महिन्यांसाठी तपासणीच्या टेबलाशी बसवलं. ही खोली भट्टीपासून दूर, उत्तरेच्या खिडकीजवळ. तयार माल तिथे यायचा. मामानं प्रत्येक चंबू दिव्यासमोर फिरवून बघायचा, काचेची जाडी मापानं मोजायची, मान सरळ आहे का ते पाहायचं. ठीक असेल तर पलीकडच्या फळीवर. दोष असेल तर लाल मेणाच्या पेन्सिलीनं फुली मारून टोपलीत. टोपलीतला माल त्याच दिवशी फोडून पुन्हा भट्टीत जायचा.

आणि पहिल्या तोंडाशी थंडोबा आला. दुसरं कोण येणार?

पहिला महिना फार चांगला गेला. मामानं पथ्य जिद्दीनं पाळलं, जसं तो कुठलंही काम करायचा. मामीनं दुधी आणला की आधी त्याच्याकडे तो गुन्हेगाराकडे बघावं तसा बघायचा, मग मुकाट्यानं खायचा. चहा सोडताना चार दिवस डोकं दुखलं. पाचव्या दिवशी थांबलं. साडेबाराला डबा उघडायचा म्हणजे उघडायचा. तिसऱ्या आठवड्यात तोंडातले फोड गेले. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यानं मला आ करून जीभ दाखवली, लहान मुलासारखी. "बघ. कोवळी झाली की नाही?" तळपायांना तूप चोळायचं काम मामीकडे होतं. ती म्हणायची, "एवढं तूप मी आयुष्यात नवऱ्याच्या पानातसुद्धा वाढलं नाही."

मग ते पत्र आलं.

एका मोठ्या प्रयोगशाळेनं कळवलं होतं की मागच्या खेपेचे मोठे चंबू आजवरच्या सगळ्या मालात उत्तम होते, काच सगळीकडे एकसारखी, मान अगदी सरळ. मालकीणबाईंनी जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि थंडोबाच्या पाठीवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थंडोबा मिरची चघळत म्हणाला, "शिकवणारा तिकडे बसलाय, त्याला सांगा."

तो मनापासून बोलला होता. मामाला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. त्यानं मला नंतर सांगितलं, "एकोणीस वर्षांत एक ओळ आली नाही गं. चांगलं म्हणून नाही, वाईट म्हणून नाही. आणि हा येऊन जेमतेम महिना झाला, तर पत्र! आणि वर माझ्याकडे बोट दाखवतो, मोठेपणा करतो. तो नुसता गप्प बसला असता तरी मला चाललं असतं."

त्या दिवसापासून थंडोबाचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचं हसणं, त्याचं घोरणं. तो मिरची खातो आणि त्याला काही होत नाही, हे तर फारच. मामा काकडीच्या फोडी मोजून चावायचा आणि समोर तो खार चाटायचा. "देवानं पोटं वाटली तेव्हा मी कुठे गेलो होतो?" असं तो मामीला विचारायचा. मामी म्हणायची, "रांगेत पुढे घुसायला भांडत असशील."

चार दिवसांनी तोंडात पहिला फोड परत आला.

आणि त्याच आठवड्यात मामानं थंडोबाच्या एका चांगल्या चंबूवर फुली मारली.

तो चंबू त्यानं तीन वेळा फिरवून पाहिला होता. जाडी मोजली. मान पाहिली. दोष सापडेना. दोष सापडत नाही याचाच त्याला राग आला. त्यानं पेन्सिल उचलली, फुली मारली आणि शेजारी चिठ्ठी लावली, 'भिंत पातळ'. दुपारी टोपली उचलून नेली, काच फुटल्याचा आवाज आला, आणि त्याला बरं वाटलं. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, नाहीतर मी लिहिलं नसतं. "खरंच बरं वाटलं. दूध प्याल्यावर छातीत गार वाटतं ना, तसं."

ते गार वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी आणखी एकावर फुली. दोन आठवड्यांत अकरा झाल्या. रोज नाही मारायचा. कधी 'मान कलती', कधी 'बुडाशी जाड'. मामाच्या नजरेवर कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं. थंडोबा तर नाहीच. त्याला मापापेक्षा मामाची नजर खरी वाटायची.

फोडांची मात्र रांग लागली. मामा वैद्यबाईंकडे गेला तो तक्रार घेऊनच. "तुम्ही सांगितलेलं सगळं करतो. मीठसुद्धा मोजून खातो. तरी आग परत आली. तुमच्या धन्याच्या पाण्यात दम नाही."

वैद्यबाईंनी आठवड्याचं खाणं विचारलं. त्यात खरंच चूक नव्हती. झोप विचारली.

"दहाला पडतो. झोप लागत नाही."

"काय चालतं डोक्यात?"

"काही नाही. कामाचं."

"शेवटचं पथ्य आठवतंय ना?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "आठवतंय." त्यांनी ताणलं नाही.

कारखान्यात थंडोबाचं घोरणं बंद झालं होतं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायला लागला. दुपारी जेवायला उठेना, चहावर चहा प्यायला लागला. मालकीणबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "काय चाललंय? पत्रानं डोक्यात हवा गेली का?" हे विचारणं मामाच्या कानावर पडलं, आणि तेव्हाही, तो म्हणाला, त्याला थोडं बरं वाटलंच.

मग एका दुपारी थंडोबा तपासणीच्या टेबलापाशी आला. हातात डबा होता. डब्यात मिरची नव्हती. दूधभात होता.

"दादा," तो म्हणाला, "एक विचारू? माझं कुठं चुकतंय? तू भिंत पातळ म्हणतोस, मी जास्त काच घेतो, तर बुडाशी जाड होतं. हातच बिघडला की काय माझा? रात्री झोपेतसुद्धा फुंकतोय म्हणते बायको."

मामा मापाचा काटा पुसत राहिला. "होईल नीट."

"आणि हे बघ." थंडोबानं खालचा ओठ ओढून दाखवला. आत तीन पांढरे फोड. "आयुष्यात कधी झाले नव्हते. पोटात नुसती आग. तुझ्या त्या वैद्यबाई कुठे बसतात? घेऊन चल ना मला."

मामा म्हणतो, त्या क्षणी त्याला पहिल्यांदा भीती वाटली. पकडलं जाण्याची नाही. त्या ओठातले फोड त्यानं ओळखले, म्हणून. ते कसे दुखतात, पाणी पितानासुद्धा कसे दुखतात, हे चौदा माणसांत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर दोघं तो लाकडी जिना चढले. थंडोबा खुर्चीत बसला, मामा दाराशी उभा राहिला. वैद्यबाईंनी तेच प्रश्न विचारले. कधीपासून? दोन-तीन आठवडे. आधी काही? कधीच नाही, मिरच्या खायचो मी मूठमूठ. मग असं काय झालं दोन-तीन आठवड्यांत?

"माल नापास होतोय," थंडोबा म्हणाला. "माझा हात गेला. पहिल्या तोंडाची लायकी नाही माझी, दुसरं काय."

वैद्यबाईंनी कागदावरून मान वर केली आणि मामाकडे पाहिलं. त्यांना माहीत काहीच नव्हतं. कदाचित दाराशी उभा आहे म्हणून 'बसा' म्हणायला पाहिलं असेल. मामाच्या तोंडून निघून गेलं, "हात गेला नाही त्याचा."

थंडोबा वळला.

"तुझे चंबू चांगले होते," मामा म्हणाला. "भिंत पातळ नव्हती. मान कलती नव्हती. मी फुल्या मारल्या."

खाली चपलांच्या दुकानात हातोडी वाजत होती.

"किती?" थंडोबानं विचारलं.

"अकरा."

"का?"

मामा म्हणाला, "पत्र आलं म्हणून. तू मिरच्या खातोस आणि तुला काही होत नाही म्हणून. माझी जागा तुला माझ्यापेक्षा शोभते म्हणून."

थंडोबा उठला. तो कधी चिडत नाही असं सगळे म्हणायचे, ते खोटं ठरलं. त्याचे कान मामासारखेच लाल झाले होते. "मला वाटलं मी म्हातारा झालो," तो म्हणाला. "मी बायकोला सांगितलं, आता दुसरं काम बघायला पाहिजे. आणि तू दिव्यासमोर बसून—" तो जिना उतरून गेला. औषधाची पुडी टेबलावरच राहिली.

वैद्यबाईंनी ती मामाच्या हातात दिली. "पोचती करा. आणि ज्यांना सांगायचं राहिलंय त्यांनाही सांगा." बाकी त्यांनी एक शब्द सुनावला नाही. मामाला वाटत होतं, सुनावतील तर बरं.

पुडी त्यानं थंडोबाच्या बायकोकडे दिली. तिनं दार अर्धंच उघडलं. सकाळी तो मालकीणबाईंसमोर उभा राहिला आणि अकराच्या अकरा सांगितल्या, कुठल्या दिवशी कोणती, जेवढ्या आठवल्या तेवढ्या. मालकीणबाईंनी हातातला पेपरवेट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला काढून टाकलं तर मला काच समजणारं माणूस राहत नाही. ठेवलं तर मी इतरांना काय तोंड दाखवू?" शेवटी त्यांनी तपासणीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला भुश्यात माल बांधायला बसवलं. सगळ्यांसमोर, का ते सांगून. निखारे मान खाली घालून भुसा भरतोय, हे बघायला लोक मुद्दाम त्या बाजूनं पाणी प्यायला जायचे.

मामी घरी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मनुकांची वाटी समोर ठेवून म्हणाली, "खा. पथ्य अर्धवट सोडायचं नसतं." तळपायांना तूप मात्र त्यानं आता स्वतःच चोळायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

तोंडातले फोड दोन आठवड्यांत गेले. ते कबुलीनं गेले की दुधीनं, यावर मामाचं आणि मामीचं आजही एकमत नाही. झोप मात्र त्याला लगेच लागली नाही. ती यायला महिने लागले.

थंडोबाही बरा झाला. त्याच्या पोटाला वेळेवर जेवण आणि चहाबंदी पुरली. पहिलं तोंड त्याच्याकडेच राहिलं. मामाशी तो तीन महिने बोलला नाही. 'बाजूला हो' म्हणायचं असेल तर दुसऱ्याला सांगायचा, "त्यांना बाजूला व्हायला सांग." ज्याला तो वीस वर्षं 'दादा' आणि 'तू' म्हणत होता त्याला 'त्यांना' म्हणणं, हे मामाला भुश्यापेक्षा जास्त लागलं.

तीन महिन्यांचे पाच झाले तेव्हा डॉक्टरनं भट्टीशी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मालकीणबाईंनी मामाला तिसरं तोंड दिलं, तेही सकाळचे तीन तास. तिथे लहान नळ्या व्हायच्या, शिकाऊ माणसाचं काम. त्यानं घेतलं. पहिल्याच आठवड्यात थंडोबा एक मोठा चंबू हातात घेऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड वाकडंच होतं. "हे बघा," तो म्हणाला.

मामानं हात पुसले, चंबू उजेडात धरला, फिरवला. मान पाहिली. बुडाकडे बोटानं टिचकी मारून ऐकलं. "चांगला आहे," तो म्हणाला. "माझा कधी असा झाला नाही."

"ठीक," थंडोबा म्हणाला. "आता आणखी कुणाला तरी दाखवतो."

आजूबाजूचे हसले. मामाही हसला, आणि मला सांगतो की हसतानाही थोडा हेवा वाटलाच. चंबू खरंच तेवढा चांगला होता. पुढच्या महिन्यात कधीतरी 'बघा'चं 'बघ' झालं. 'दादा' अजून झालेलं नाही.

मामा आता रोज पहाटे मामीबरोबर तळ्याभोवती चालायला जातो. जागरण नाही, चहा नाही, नाकातून रक्त पुन्हा आलं नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर होते. पुढे एक पांढऱ्या टोपीचे आजोबा झपाझप चालले होते, ऐंशीचे तरी असतील. मामाची पावलं त्यांच्यामागे भराभर पडायला लागली. "बघ त्याला," तो मला हळूच म्हणाला. "गुडघे बघ कसे चालतात. काय खातो कोण जाणे."

"चालू दे की त्यांना," मामी म्हणाली.

मामा काही पावलं तसाच ओढल्यासारखा चालला. मग "चालू दे," म्हणून बाकावर बसला, आम्हालाही बसवलं, आणि आजोबा वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिला.